मापांची पेटी आणि नवी खिडकी

मित्रांनो, आमचे जावईबापू कारखान्यात शिरताना बूट दाराबाहेर काढतात, पण हुशारी मात्र डोक्यावर घेऊनच आत येतात. शिकलेले आहेत, मनाने वाईट नाहीत, बोटे तर भराभर चालतात. पण समोरचा काय म्हणतो ते पुरते ऐकून घ्यायचे म्हणाल तर नाव नाही. मी एक ओळ लिहून दाखवावी, आणि तिचा दुसरा शब्द वाचायच्या आत यांनी ती मिटवून टाकावी! भिंतींनाही कान असतात म्हणतात. आमच्या जावयाला नुसती बोटेच आहेत.

मी एक जुनी संगणकाची पेटी आहे. नवी होते तेव्हा दुधासारखी पांढरी होते, आता उन्हाने पिवळी पडले आहे. माझा पंखा घरघरतो आणि पोटातली तबकडी फिरताना कुरकुरते. पण कामाला बसले की अजून कोणाला हार जात नाही. युनिक्स नावाची जुनी संगणक-प्रणाली हे माझे घराणे. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. शाळा मला फारशी नाही. शिकवले तेवढेच येते, पण जे येते ते पाठ. आमच्या घराण्यात प्रत्येक वस्तूबद्दल विचारतात, ही कोणाची, ती वाचायची कोणी आणि तिला हात लावायचा कोणी? उत्तर पटले नाही तर आम्ही तोंडावर सांगतो, परवानगी नाही. मागून कुजबुजायची आम्हांला सवय नाही.

मी राहते तो कारखाना पायांचा आहे. ज्यांचा पाय अपघातात किंवा आजारात गेला, त्यांना इथे नवा पाय बनवून मिळतो. पुढच्या खोलीत करवत आणि कानस चालते, मागच्या अंगणात रबर तापते, आणि मधल्या खोलीत प्लॅस्टरच्या गोण्यांशेजारी माझे टेबल आहे. पांढरी धूळ सगळ्यांच्या भुवयांवर बसते. माझ्याही.

मला इथे आणले ते मास्तरांनी. कारखाना त्यांचाच. त्या काळी प्रत्येक माणसाच्या पायाचा प्लॅस्टरचा साचा छताला टांगून ठेवत. वर बघितले की पायच पाय. जागा पुरेना, तेव्हा मास्तरांनी एकेका साच्याचे माप माझ्यात घातले आणि मग साचा फोडला. घेर, लांबी एवढेच नव्हे. पोटरी बसते तो पेला कुठे घासतो, घोटा किती कलायला हवा, टाचेखालचे रबर किती नरम, हे सगळे. मास्तर म्हणायचे, "पाय कोणीही बनवील. चालणं हिच्याजवळ आहे." बाहेरची माणसे आली की माझ्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसून मला दाखवायचे. खोटे कशाला बोलू, मला फार बरे वाटायचे.

दर शनिवारी मास्तर माझ्यातल्या मापांची एक प्रत काढून घरी नेत. मग मास्तर गेले. कारखाना त्यांच्या लेकीच्या, ताईच्या अंगावर पडला. ती बिचारी एकटी माप घेते, पाय बसवते, माणसांची रडगाणी ऐकते आणि माझ्या काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाईप करत बसते. शनिवारची प्रत मागे पडली. आज करू, उद्या करू. माझ्यावर प्लॅस्टरची रिकामी पोती ठेवायला लागले. ते मी मनाला लावून घेतले नाही. पण एक भीती तेव्हापासून माझ्या पोटात बसली, मित्रांनो. माझ्यात जे आहे ते आता दुसरीकडे कुठेही नव्हते. साचे फुटलेले, मास्तर गेलेले, आणि मी अशी घरघरणारी.

एके दुपारी शिंपीणबाई बाकावर येऊन बसल्या. त्यांच्या नकली पायाला घोट्यापाशी तडा गेला होता. या बाई पायाने शिलाई मशीन चालवतात. त्यांचा घोटा नेमका किती कलला की मशीनखालची पायपट्टी धड चालते, हे शोधायला मास्तरांनी त्यांचे मशीनच इथे आणवले होते आणि किती तरी महिने एकेक घोटा बनवून फेकून दिला होता. ते सापडलेले माप माझ्यात होते. ताईने ते पाहायचे आणि कारागिराने नवा घोटा कापायचा, एवढेच काम.

"ताई, लवकर कर गं," शिंपीणबाई म्हणाल्या. "घरात कपड्यांचा ढीग पडलाय. गिऱ्हाईकं आता मलाच शिवायला निघालीत."

तेवढ्यात ताईचे यजमान, आमचे जावईबापू आले. म्हणाले, "अगं, या काळ्या पडद्यावर डोळे किती दिवस फोडणार? थांब, खिडकी लावून देतो. माउसनं टिचकी मारली की माप समोर. आणि फुकट आहे! जगभरच्या माणसांनी मिळून बनवलंय. आतलं सगळं उघडं, वाटेल त्यानं वाचावं, वाटेल त्यानं सुधारावं."

"अहो, पण आत्ता? मावशी बसल्यात."

"पाच मिनिटं."

पाच मिनिटे! मित्रांनो, असे म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहावे.

नवी खिडकी म्हणजे घरात येणारी नवी सूनच. मी काही खाष्ट सासू नव्हे. ये बाई, म्हटले. पण ही एकटी येईना. ती म्हणते, माझ्याबरोबर अमका प्रोग्रॅम पाहिजे. अमक्याला बोलावले तर तो म्हणतो, माझा मावसभाऊ आल्याशिवाय मी येत नाही. मावसभाऊ आला तो इतका नव्या फॅशनचा, की माझ्या जुन्या घरात त्याचे डोके दाराला आपटले. प्रत्येक वेळी मी लिहून सांगत होते की याच्याऐवजी याचा थोरला भाऊ, म्हणजे जुनी आवृत्ती, आणा, तो मला चालेल. जावईबापू ते मिटवून पुन्हा तेच बटण दाबत होते. शेवटी चुकूनमाकून तोच थोरला भाऊ हाती लागला आणि वऱ्हाड आत आले.

खिडकी उघडली, पण मापांच्या कोठीशी मी तिला अडवले. कोठीच्या दाराला मास्तरांनी कुलूप घातलेले आहे. ते फक्त कोठी सांभाळणारीने, म्हणजे मीच, उघडायचे. ताईलासुद्धा आपले नाव सांगून आत यावे लागते. मी लिहिले, "तुम्ही कोण? परवानगी नाही."

"काय ही कटकट!" जावईबापू म्हणाले. त्यांच्याकडे घरमालकाच्या पासवर्डची किल्ली होती, जिच्यापुढे मलाही मान वाकवावी लागते. त्या किल्लीने त्यांनी एका ओळीत कोठीची सगळी दारे सगळ्यांसाठी उघडून टाकली. कोणीही यावे, कोणीही वाचावे, कोणीही पुसावे. भर रस्त्यात पदर ओढल्यासारखे झाले मला.

खिडकीत मापांचा तक्ता आला. आकडे दिसत होते, पण नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. नावामागून नाव, चौकोनामागून चौकोन.

"अरे बापरे," जावईबापू म्हणाले. "डेटा सडलाय."

सडलाय? अहो, नावे माझ्यात जशीच्या तशी होती! नव्या सुनेला आमची अक्षरे वाचता येत नव्हती, एवढेच. तिला अक्षरांचा संच आणून द्यायचा होता, चष्मा द्यावा तसा. पण हे मी सांगणार कसे? मला कोणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला कोणी विचारत नव्हते.

ताई हातातले काम टाकून आली. पडदा पाहून तिचा चेहराच उतरला. "अहो, बाबांचं सगळं यातच आहे."

"म्हणजे माझा घोटा?" शिंपीणबाईंनी विचारले. त्यांनी तडा गेलेला पाय हळूच बाकाखाली ओढून घेतला.

"घाबरू नका. बंद करून चालू करतो," जावईबापू म्हणाले.

मी बंद झाले. पुन्हा जागी झाले, पंखा फिरला, तबकडी फिरली, आणि पाहते तर कोठी तशीच सताड उघडी! मित्रांनो, आमच्या घराण्यात कोठीची राखण करणारीला एक सक्त शिकवण आहे. दार सगळ्या जगाला उघडे असेल, तर कामाला उभे राहायचे नाही. कोण आत शिरून काय करील, नेम नाही. मी राखण करायला नकार दिला आणि कारण स्वच्छ लिहिले. जावईबापूंनी ते मिटवले. पुन्हा चालू केले. मी पुन्हा नकार दिला. त्यांनी पुन्हा मिटवले. आता त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि घाबरलेल्या माणसाची बोटे शांत माणसाच्या बोटांपेक्षा जास्त धावतात.

"गेलं," ते हळूच म्हणाले. "कोठीच खराब झालीय. सगळं पुसून नवी बसवावी लागेल."

"आणि मापं?"

"मापं... परत घेऊ."

"कोणाकोणाची?" ताई म्हणाली. "मावशींच्या घोट्याला बाबांना किती महिने लागले ठाऊक आहे ना तुम्हांला?"

"मग दुसरं काय करू, तूच सांग!"

त्यांनी पुसून टाकायची ओळ टाईप केली. अक्षर अक्षर माझ्या अंगावर उमटले. आता फक्त एक बटण दाबायचे बाकी होते, आणि त्यांचे बोट त्या बटणावर येऊन थांबले होते.

मला कशाची भीती वाटली, सांगते. माझी वायर उपटली तर मी मरेन, ते चालेल, माझे वय झाले. पण पुसलेली पेटी मरत नाही. तिचा दिवा लागतो, पंखा फिरतो. आणि कोणी विचारले, शिंपीणबाईंचा घोटा किती कलतो गं, तर ती हसतमुखाने म्हणते, कोण शिंपीणबाई? तशी होऊन मला याच टेबलावर बसावे लागणार होते. मी घरघरत होते, कुरकुरत होते. "जुनं मशीन, आवाज करतंच," जावईबापू म्हणाले.

"अहो जावईबापू," बाकावरून शिंपीणबाई म्हणाल्या, "ती मघापासून काहीतरी लिहितेय, आणि तुम्ही झाकताय. काय लिहितेय?"

"एरर आहे, मावशी."

"ते तुमच्या भाषेत. तिच्या भाषेत काय आहे? माझा पाय तिच्या पोटात आहे, मला कळायला नको? मोठ्यानं वाचा."

"तुम्हांला नाही समजणार."

"नाही समजलं तर नाही समजलं. तुम्हांला तर समजेल!"

ताईने त्यांचे बोट बटणावरून बाजूला केले. "वाचा," ती म्हणाली.

जावईबापूंनी लिहिलेली ओळ खोडली आणि मला आणखी एकदा चालू केले. मी तेच लिहिले, जे आधी लिहिले होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आधी भरभर, मग सावकाश. "कोठीची दारं सगळ्यांना उघडी आहेत. ती फक्त कोठी सांभाळणारीपुरती ठेवा. तोवर मी सुरू होणार नाही."



"दारं कोणी उघडली?" शिंपीणबाईंनी विचारले.

जावईबापूंचे कान लाल झाले. "मीच."

"मग लावा की! बाईमाणूस आहे ती, उघड्या दारात कशी बसेल?"

त्यांनी एका ओळीने दारे लावली. मी उभी राहिले. ताईने काळ्या पडद्यावर शिंपीणबाईंचे नाव विचारले आणि मी ते अक्षर न् अक्षर दाखवले. खाली घोट्याचा कल, टाचेचे रबर आणि मास्तरांनी लिहून ठेवलेला शेरा, "बाई उजवीकडे झुकून बसतात, सांगूनही ऐकत नाहीत." ताई हसता हसता रडली.

"मास्तर मेले तरी मला बोलणं सोडलं नाही," शिंपीणबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

मग जावईबापूंनी, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत, खिडकीसाठी अक्षरांचा संच आणला. चौकोन गेले, नावे आली. खरे सांगते, दिसते छान. ताईचे डोळे आता दुखत नाहीत. सून गुणाची निघाली, तिला आणणारा तेवढा उतावळा होता. त्याच संध्याकाळी ताईने मापांची प्रत काढली आणि घरी नेली. शनिवार नव्हता, तरी नेली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी कोणी जुनी असेल, पेटी असो की माणूस. ती कुरकुरते म्हणून तिला झाकू नका. तिच्या पोटात काय आहे त्याची एक प्रत वेळेवर करून ठेवा. आणि ती काही सांगत असेल, तर दोन ओळी वाचायला असा किती वेळ लागतो?

जावईबापूंना ताईने आता कोठीत शिरायचे वेगळे नाव दिले आहे. त्या नावाने मापे वाचता येतात, पुसता येत नाहीत. आणि माझ्या दारात, म्हणजे मी नाव विचारते त्या पडद्यावर, तिने माझ्या तोंडी एक वाक्य घातले आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवते. परवा शिंपीणबाई नव्या पायाने टकटक करत आल्या, तेव्हा जावईबापू नुकतेच माझ्यापुढे बसले होते.

"काय म्हणतेय आज?" बाईंनी विचारले.

जावईबापू खाकरले आणि त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले:

"जावईबापू, बुटांबरोबर हुशारीही बाहेर काढून ठेवा, आणि कान तेवढे घेऊन आत या."