पडद्याआडची चाचणी

तिनं नाणं उशीवर उडवलं, म्हणजे आवाज व्हायला नको. छापा पडला. मग पडद्याआड वाकून तिनं स्विच उगाचच चार-पाचदा इकडेतिकडे फिरवला, खटक्यांवरून काही ताडता येऊ नये म्हणून, आणि अखेर डावीकडे ठेवला.

"ऐका," ती म्हणाली.

पडद्यापलीकडे नवरा डोळ्यांवर रुमाल बांधून खुर्चीत बसला होता. गाणं सुरू झालं. त्यानं मान किंचित तिरकी केली.

"नवा."

बरोबर होतं. आतापर्यंत तो एकदाही चुकला नव्हता.

दोन्ही अँप्लिफायर एकाच बनावटीचे, एकाच वयाचे. एकाला त्यानं हात लावला नव्हता. दुसऱ्याच्या पोटातले कपॅसिटर, तारा, अगदी खालचे रबरी पायसुद्धा त्यानं वर्षभर खपून बदलले होते. घरात त्यांना जुना आणि नवा म्हणत. लोकांचे जुने संच असेच सुधारून द्यायचे, त्यासाठी एक गाळा घ्यायचा आणि नोकरीचा राजीनामा द्यायचा, असा त्याचा बेत होता. गाळ्याच्या मालकाला आज उत्तर हवं होतं. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं अजून बाकी होती.

"माझे गुडघे बदलायचे राहिले, आणि यानं डब्याचे पाय बदलले," सासूबाई म्हणाल्या होत्या. आत्ता त्या पडद्याच्या अलीकडे, सुनेच्या शेजारी पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

चाचणीची कल्पना तिचीच. ती शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळेतलं मोजणीयंत्र घरी आणून तिनं दोन्ही संच तपासले होते; दोन्हींच्या आलेखाच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या होत्या. ती निर्धास्त होती. म्हणूनच बोलून गेली होती, की डोळे बांधून ओळखलंत तर मी आडवी येणार नाही.

पुन्हा नाणं. पुन्हा छापा.

"ऐका."

"नवा. काय प्रश्न आहे का!"

गाणं चालू असतानाच सासूबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"एक विचारू? कधी 'ऐका' असा हुकूम सोडतेस, कधी पाया पडल्यासारखं म्हणतेस. असं का गं?"

तिच्या बोटांतलं नाणं तिथंच थांबलं. आवाजाची पातळी सारखी केली होती, संचांवरचे दिवे कागदानं झाकले होते, खटके लपवले होते. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानं प्रश्न विचारू नये, हे ती दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून देत असे. आणि इथं दर वेळी उत्तर मुठीत धरून तीच विचारत होती.

तिनं नाणं बाजूला ठेवलं. स्विच उजवीकडे नेला, जुन्यावर. मग डोळे मिटून, नवाच चालू आहे अशी मनाची समजूत घालून म्हणाली,

"ऐका."

"नवा," तो लगेच म्हणाला. "अगं, गाणारीचा श्वाससुद्धा मोकळा झालाय. बरोबर ना?"

"चूक. जुना आहे."

तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. तो हसत सुटला आणि त्यानं रुमाल काढला.

"खोटं बोलताना तुझा आवाज बारीक होतो. मला कळत नाही होय?"

"खोटं नाही. येऊन बघा हवं तर, स्विच कुठं आहे ते."

"आणि मी येईपर्यंत तू तो फिरवणार! बरी सापडलीस."

"अहो, तुम्ही संच ऐकतच नव्हता. माझा आवाज ऐकून सांगत होता."

"लग्न झाल्यापासून तेच करतोय मी," तो म्हणाला. अगदी लाडानं म्हणाला.

"पुन्हा करू या. मी बाहेर जाते. आई फिरवतील स्विच, बोलायचं कुणीच नाही."

"आता पुरे. शब्द दिला होतास. हरल्यावर नियम बदलायचे, हे शिकवतेस का शाळेत?"

तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

"तिचं ऐक रे जरा," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुला यातलं काय कळतं!"

तोवर फोन त्याच्या कानाला लागलाही होता. "हो, नक्की," तो सांगत होता. "उद्याच राजीनामा देतो. अहो, घरच्यांनीच परीक्षा घेतली माझी, डोळे बांधून. एकदासुद्धा चुकलो नाही." कित्येक महिन्यांत त्याचा आवाज इतका भरून आलेला तिनं ऐकला नव्हता.

गाणं चालूच होतं. तिनं स्विच डावीकडे फिरवला. तो बोलत राहिला. उजवीकडे फिरवला. गाळ्याला खिडकी आहे का, असं तो विचारत होता. पुन्हा डावीकडे.

सासूबाईंनी लसणाचा वास लागलेल्या हातानं तिचं मनगट धरलं आणि तिचा हात हळूच खाली घेतला.