सरासरीची फरशी

सोमवारी परिपाठ चालू असताना हालगे बाईंच्या चौथीच्या वर्गात सरासरी येऊन उभं राहिलं. प्रार्थना संपायला दोन ओळी बाकी होत्या, म्हणून कुणी काही बोललं नाही. बोरगव्हाणच्या शाळेत तेवढी शिस्त होती.

प्रार्थना संपल्यावर बाईंनी नीट पाहिलं. मूल होतं. मुलगा म्हणावं तर वेणी होती, पण एकाच बाजूला. मुलगी म्हणावं तर खाली चड्डी होती, पण तिला घेर होता. नाक वर्गातल्या वीरभद्रचं होतं, भुवया तस्लीमच्या. कान मात्र दोन वेगळ्या घरांतून आलेले दिसत होते. ओळखीचं सगळं होतं आणि ओळख काही पटत नव्हती, जसं लग्नात नवऱ्याकडच्या माणसांचं होतं.

"कुठलं गं तू, बाळा?" बाईंनी विचारलं.

"मी सहा पूर्णांक तीन दशांश," ते म्हणालं. "शनिवारी तुम्हीच काढलंत ना मला?"

काढलं होतं खरं. बाईंची नोकरी संपत आलेली असताना सरकारला त्यांना स्प्रेडशीट शिकवायची लहर आली होती. तालुक्याला प्रशिक्षण झालं. चहा दोनदा मिळाला आणि फळ्यावर बाण खूप निघाले. घरी आल्यावर बाईंनी शाळेचा लॅपटॉप पोळपाटाशेजारी ठेवून सराव केला. आडव्या-उभ्या रेघांमधल्या चौकोनाला प्रशिक्षक 'सेल' म्हणायचे. बाई त्याला 'घर' म्हणत. एका घरात एक मूल, हे त्यांना पटलं होतं. वाचनाची चाचणी दहा ओळींची होती, एका ओळीला एक गुण. शनिवारी बाईंनी एकेकाच्या घरात गुण भरले, खाली सरासरीचं सूत्र लिहिलं आणि बटण दाबलं. ६.३ असं उत्तर टम्म फुगलेल्या भाकरीसारखं वर आलं. बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत बसल्या होत्या.

फक्त एक घर त्यांनी रिकामं ठेवलं होतं. मैना राठोडचं.

मैना बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायची. घरी गोरमाटी बोलायची, शाळेत काहीच बोलायची नाही. हजेरीला हात वर करायची, आणि येताना ओच्यातून बाईंसाठी चिंचेचा कोवळा पाला आणायची. चाचणीच्या दिवशी तिनं तोंड उघडलं नाही. म्हणजे तिचं शून्य. पण बाईंनी सगळ्या नोकरीत कुणाला शून्य दिलं नव्हतं. शून्य मिळालेलं मूल घरी जाताना रस्ता बदलतं, असं त्यांनी पाहिलं होतं. कागदावर त्या अशा ठिकाणी एक बारीकशी आडवी रेघ मारायच्या. तिचा अर्थ, पुढच्या वेळी बघू. ही रेघ मारली की यंत्र लाल व्हायचं. म्हणून मग त्यांनी मैनाचं घर तसंच सोडलं. मायेनं सोडलं.

"बाई, ह्ये कुठं बसणार?" बालाजीनं विचारलं. बालाजीला कायम व्यवस्थेची काळजी.

प्रश्न बरोबर होता. वर्गात शहाबादी फरशी होती आणि शाळेची रीत अशी की पहिलीत आलेल्या मुलानं आपली फरशी निवडायची. चौथी होईपर्यंत तीच. रोज सकाळी ती आपल्या हातानं पुसायची. भांडणं व्हायची ती फरशीवरूनच, आणि माफी मागायची तर दुसऱ्याची फरशी पुसून.

"दाराशी बसू दे," बाई म्हणाल्या.

सरासरी दाराशी बसलं. बसल्या बसल्या त्यानं उंबरा पुसून घेतला.

मग बाईंचं लक्ष मैनाकडे गेलं. तिची फरशी अरुंद झाली होती. सगळ्यांच्या फरशा हातभर आणि मैनाची पाटीएवढी. मैना तिच्यावर आडवी वळून बसली होती, आणि बाजूचे दोघं तिच्याकडे सरकले होते. कुणी ढकललं नव्हतं. जागाच तशी झाली होती.

"मैना, अवघडतंय का गं?"

मैनानं मान हलवली. नाही.

"कुणाला विचारताय बाई?" तस्लीम म्हणाली.

दुपारी खिचडी आली. शिजवणाऱ्या कोंडाबाईंनी सरासरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पटावर नाव हाय का?"

"नाही."

"मग ताट नाही. उद्या साहेब मलाच विचारणार, ही खिचडी कोण खाल्लं म्हणून."

त्यावर कुणी काही ठरवलं नाही, पण प्रत्येक पोरानं जाताना आपल्या ताटातला एकेक घास बाईंच्या डब्याच्या झाकणात टाकला. सरासरीनं ते झाकण मांडीवर घेतलं आणि पोटभर जेवलं. त्याचं पोट त्याच मापाचं होतं. शेवटी झाकण चाटून ते म्हणालं, "एक घास कमी वाटतोय."

"हावरं हाय," कोंडाबाई म्हणाल्या आणि लोणच्याची एक फोड वाढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी भिंती हिरव्या झाल्या. कुणी रंग दिला नव्हता. पण रंग ओला होता, टेकणाऱ्या पोरांच्या पाठी हिरव्या होत होत्या. तेवढ्यात केंद्रप्रमुख गिराम साहेबांचा फोन आला.

"हालगे बाई, अभिनंदन! तुमचा वर्ग हिरवा झालाय. सहाच्या वर हिरवा, खाली लाल. अख्ख्या केंद्रात तुम्ही एकट्या हिरव्या, बाकी सगळी लाल मिरची."

"साहेब, एक घर रिकामं राहिलंय."

"रिकामं ना? मग झकास. रिकाम्या घराला यंत्र विचारतच नाही. शून्य टाकाल तर मेलो आपण. शून्य मोजतंय ते."

"आणि ती पोर?"

"कुठली पोर?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, हे बाईंना जास्त लागलं. "गुरुवारी येतो. फोटो काढतो आणि शीटला कुलूप लावून टाकतो. कुलूप लागलं की वर्षभर कुणी हात लावायचा नाही. तुम्हालाही निवांत."

बाईंनी फोन ठेवला आणि वर्गात पाहिलं. मैनाची फरशी फूटपट्टीएवढी झाली होती. मैना त्यावर बसली होती, कागदातून कातरून उभी केल्यासारखी. समोरून पाहिलं तर एक रेघ, बाजूनं पाहिलं तर मैना. बाई दिवसभर बाजूनंच शिकवत राहिल्या.

संध्याकाळी पोरं घरी गेली, तरी सरासरी उंबऱ्यावर बसून होतं. त्याला घर नव्हतं, म्हणजे होतं ते तळाच्या ओळीत. बाईंनी त्याची एक वेणी सोडून पुन्हा घातली आणि वाचनाचा उतारा पुढ्यात ठेवला.

ते छान वाचत होतं. गंगूची शेळी सकाळी हरवली. गंगू माळावर गेली. ओढ्यावर गेली. बोरीखाली पाहिलं. कुणी सांगितलं, विहिरीकडे बघ. शेळी विहिरीच्या काठावर उभी होती. सहा ओळी अशा खणखणीत झाल्या. सातवीला ते म्हणालं, "गंगूने ति," आणि थांबलं.

"तिला," बाई म्हणाल्या.

"गंगूने ति."

"तिला हाक मारली. म्हण."

"माझं इथंच संपतं, बाई." ते कागदाकडे बघत राहिलं. "पुढं काय होतं? पडते का शेळी?"

"नाही रे. हाक मारल्यावर येते की."

"बरं झालं," ते म्हणालं. मग म्हणालं, "बाई, माझ्यात सगळ्यांचं आहे. बालाजीची गुडघ्यावरची खोक सुद्धा आहे थोडी. मैनाचं काहीच नाही. मी शोधलं."

बाई वेणीला रिबीन बांधत होत्या. गाठ काही बसेना.

"तिच्या घरात शून्य टाकलं तर तुझं काय होईल?"

त्यानं बोटांवर हिशेब केला. बोटं त्याला पुरली नाहीत, म्हणून बाईंची घेतली. "सहावी ओळ पुरी होणार नाही. अर्ध्याच्या थोडी पुढे जाऊन थांबेन."

"म्हणजे शेळी काठावरच राहील तुझी."

"काठावर आहे एवढं तरी कळेल." त्यानं बाईंची बोटं परत केली. "पण तुम्ही कुणाला शून्य देत नाही म्हणे. बालाजी सांगत होता."

"नाही देत."

"का?"

बाईंनी रिबिनीची गाठ सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

गुरुवारी साहेब आले. बरोबर खरोखरचं पितळी कुलूप होतं, सायकलच्या कुलपापेक्षा मोठं, किल्ली कमरेच्या करगोट्याला. त्यांनी ओल्या भिंतीला हात लावला, हिरवा तळवा बघून हसले, आणि तो रुमालाला पुसून रुमाल आठवण म्हणून घडी करून ठेवला.

"वा! हे कोण?"

"सरासरी," बाई म्हणाल्या.

"अरे वा. दिसायला बरं आहे. जरा उजेडात उभं करा त्याला, फोटोत येऊ दे."

मैना कुठे होती? तिच्या फरशीची आता फट झाली होती. दोन फरशांमधली सिमेंटची रेघ असते ना, तेवढीच. सकाळी हजेरी घेताना बाईंनी "मैना राठोड" म्हटलं तेव्हा त्या फटीतून दोन बोटं वर आली आणि खाली गेली. खिचडीच्या वेळी त्याच फटीतून एक चमचा निघाला होता, घासानं भरलेला. सरासरीनं तो वाकून दोन्ही हातांनी घेतला होता. खाल्ल्यावर त्यानं काही म्हटलं नव्हतं. एक घास कमी आहे, असं तर नाहीच. आणि फटीच्या कडेला चिंचेचा पाला ठेवलेला होता, बाईंच्या बाजूला.

साहेबांनी लॅपटॉप टेबलावर उघडला. कुलपाचा दांडा वर केला.

"एक मिनिट, साहेब."

"काय राहिलं आता?"

"एक घर."

"बाई, ऐका माझं." साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. ते वाईट माणूस नव्हते. बदलीसाठी त्यांनी बाईंना एकदा मदतही केली होती. "तुम्ही दयाळू आहात म्हणूनच ते रिकामं ठेवलंत ना? मग आता दया सोडू नका. पोरीच्या नावापुढं शून्य दिसलं तर तिला काय वाटेल?"

"ते तिलाच विचारावं लागेल," बाई म्हणाल्या. "त्यासाठी आधी ती पाहिजे."

सरासरी उजेडात उभं होतं आणि साहेबांच्या सांगण्यावरून हसत होतं. तसंच हसत त्यानं बाईंकडे पाहून मान डोलवली.

बाईंनी मैनाचं घर शोधलं. तिथे कर्सरची रेघ लुकलुकत होती, उभी. बाईंची रेघ आडवी असायची. त्यांनी चष्मा पुसला. मग ज्या बोटानं इतकी वर्षं पोरांची नाकं पुसली, शेंबूड काढला, पाटीवर हात धरून 'ग' गिरवला, त्या बोटानं त्यांनी शून्य दाबलं.

शून्य पडद्यावर राहिलं नाही. ते खाली फरशीच्या फटीत उमटलं. जरा लांबट, काठाला शिवण घातलेलं, नव्या फ्रॉकचा गळा असतो तसं. आणि तेवढंच घट्ट.

"बाई, भिंत!" साहेब ओरडले. छताच्या कोपऱ्यातून लाल खाली उतरायला लागलं होतं. "काढा ते! अजून काढता येतंय! कुलूप लावायच्या आत काढा!"

बाई ऐकत नव्हत्या. त्या गुडघे टेकून जमिनीवर बसल्या होत्या. दोन्ही हातांची बोटं त्या गोलात घालून त्यांनी तो ताणला, आधी डोकं मग हात, जसा कुठल्याही घरात शाळेच्या घाईत फ्रॉकचा गळा ताणतात तसा. "ये," त्या म्हणाल्या. "डोळे मीट. कान दुमडेल, दुमडू दे."

मागे सरासरी बुटकं होत होतं. वेणी बोटभर वर गेली, चड्डीचा घेर वाढला, आणि त्याच्या ओठांना मैनाच्या ओठांची घडी पडली. ते वाचत होतं. "शेळी विहिरीच्या काठावर उ," ते म्हणालं आणि थांबलं. पुन्हा म्हणालं, "काठावर उ."

साहेबांच्या हातात कुलूप होतं. दांडा उघडा होता.

गळ्यातून आधी केस आले, विस्कटलेले. मग कपाळ. मग एका दमात सगळा चेहरा, लाल झालेला. मैनानं डोळे उघडून बाईंकडे पाहिलं, मग सरासरीकडे, मग त्याच्या हातातल्या उताऱ्याकडे, आणि तोंड उघडलं. खाली, आत, तिचे दोन्ही हात अजून बाह्या शोधत होते.