ढिगाखाली काय होतं ते मला विचारा

मी चाळणी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे हं. मी मोठी, लाकडी चौकटीची, तारेच्या जाळीची. सुताराने मला जेवण आणि डुलकी यांच्या मधल्या वेळात ठोकून उभी केली. त्यामुळे माझा एक पाय जरा आखूड राहिला.

मला घेतलं ते उत्खननवाल्या बाईंनी. रस्ता किंवा पूल व्हायचा असला की मशीन येण्याआधी त्या तिथे जातात, जागोजागी छोटे खड्डे घेतात आणि पूर्वी तिथे कोणी राहत होतं का ते बघतात. खड्ड्यातली माती न चाळता फेकायची नाही, हा त्यांचा नियम. म्हणजे नाव त्यांचं आणि धूळ माझ्या तोंडात.

मागच्या हिवाळ्यात एका नदीवर पुलाचं काम निघालं. काठावर जुनी वस्ती होती, अशी बाईंची खात्री. पुलाचा एक खांब नेमका तिथेच येणार होता. वस्ती सापडली तर खांब सरकणार, नाहीतर मशीन सगळं उकरून मोकळं होणार.

पुलाचे इंजिनियरसाहेब रोज चकरा मारायचे.

"सापडलं का काही, बाई?"

"खापरं सापडलीत."

"खापरं काय, माझ्या घरामागेही सापडतील."

बाई पुन्हा खड्ड्यात उतरायच्या आणि त्यांचा चहा तसाच गार व्हायचा.

मला मात्र एक गोष्ट कळत होती. खड्डे जसजसे पूर्वेकडे सरकत होते, तसतशी माझ्या जाळीवर खापरं वाढत होती. आणि पूर्वेला काय होतं? आमचाच मातीचा ढीग. पहिल्याच दिवशी बाईंनी बोट दाखवलं होतं, "तिथे काही नाही, चाळलेली माती तिकडे टाका." आता मी सांगणार तरी कशी?

शेवटच्या दुपारी नकाशावर खुणा करता करता बाई थांबल्या. ढिगाकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, आपण घरावरच माती टाकत बसलो."

इंजिनियरसाहेब हसतील असं वाटलं होतं. हसलेच, पोट धरून हसले. मग म्हणाले, "मशीन उद्या सकाळी कामाला लागणार. आज नुसतं उभंच आहे. संध्याकाळपर्यंत वापरा."

ज्या मशीनची आम्ही धास्ती घेतली होती, तेच आमचा ढीग उपसू लागलं. खालची माती बाईंनी हाताने खरवडून माझ्यावर ओतली. एक टोकदार दगड लागून माझी जाळी टर्रकन फाटली, पण एक जाड खापर वरच अडकलं. त्याला ओळीने भोकं होती. पाठोपाठ आणखी तुकडे आले आणि खड्ड्यात चूल दिसली.

बाईंनी तुकडे जुळवले. "मातीची चाळणी आहे, साहेब. कुणाची तरी रोजच्या वापरातली."

साहेबांनी ती तळहातावर घेतली. एकेका भोकावरून बोट फिरवलं. मग ऑफिसला फोन लावला. "खांब सरकवायला लागेल. हो, मी स्वतः बघितलंय."

खरं सांगते, मला भरून आलं. इतकी वर्षं मी परक्यांच्या वस्तू झेलत होते, त्या दिवशी माझी पणजी माझ्या कुशीत येऊन पडली.

आता पणजी संग्रहालयात आहे आणि मी गोदामात, नव्या जाळीची वाट बघत. बाईंकडे पुढच्या रस्त्याचं काम आलंय.

पूल हवेत, रस्तेही हवेत, माझं काही म्हणणं नाही. फक्त मशीन सुरू करण्याआधी आम्हाला थोडा वेळ द्या. त्या चुलीवर रांधणाऱ्या बाईचं नाव कुणालाच कळणार नाही. ती इथे राहत होती, एवढं तरी कळू द्या.