मंगेशकिंगचं गाऱ्हाणं

"ओटीपी इलो आसतलो. सांगा बघू."

जानकी पडवीच्या दारात उभी होती. मंगेश एका खुर्चीत बसून, ऑपरेशन झालेला गुडघा दुसऱ्या खुर्चीवर ठेवून आरामात पडला होता. फोन छातीवर पालथा.

"कसलो ओटीपी?"

"गेमाचो. सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतंय."

"मगे चौथ्यांदा विचार."

जानकीने चौथ्यांदा विचारलं नाही. ती तशीच उभी राहिली. मंगेशने फोन उलटा केला, सहा आकडे वाचले, ओठांतल्या ओठांत पुटपुटले आणि फोन पुन्हा छातीवर ठेवला.

"माझा अकाउंट आसा," तो म्हणाला. "हेच्यापुढे मीच खेळतलंय."

"सहा वर्सां मी चढवलंय ता."

"कोणाच्या नावार आसा? वाच ना. मंगेशकिंग. जानकीकिंग लिवलेला खंय दिसता तुका?"

नाव त्याचं, सिम त्याचं, फोनचा आकडा त्याचा. जानकी काजूच्या कारखान्यात सोलायला बसते. टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची सालं गेलेली, त्यामुळे तिचा अंगठा कुठलंच यंत्र मान्य करत नाही. रेशनचं मशीन करत नाही आणि फोनही करत नाही. म्हणून प्रत्येक वेळी ओटीपी. आजवर ते सिम कपाटातल्या जुन्या फोनात असायचं, तेव्हा अडत नव्हतं. गेल्या आठवड्यात मंगेशने ते काढून आपल्या फोनात घातलं. नंबर बदलायचा तरी ओटीपी त्याच सिमवर येणार. म्हणजे चावी कुलपाच्या आत, अशातली गत.

सहा वर्षांपूर्वी बोटीवर जाताना याच माणसाने तिच्या हातात तो फोन कोंबला होता. सप्तद्वीप नावाचा तो खेळ त्याने सुट्टीत नुकताच सुरू केलेला. जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात, आपापला गडी घेऊन राक्षसांशी लढतात आणि लेव्हल चढवतात. मंगेशचा गडी तलवारवाला होता आणि कसाबसा बाराव्या लेव्हलला पोचला होता. बोटीवर नेटाची बोंब.

"रोज एकदा उघडून बघ," तो म्हणाला होता, "नायतर हजेरी चुकता. बाकी कायएक करू नको."

रोज एकदा उघडून तिने बघितलं. तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं पुसायचं, तिला कुशीवर वळवायचं, भरवायचं आणि तिचा डोळा लागला की पायथ्याशी बसून फोन उघडायचा. आधी नुसती हजेरी. मग एक पाऊल पुढे, दोन पावलं पुढे. तलवार काही तिला जमली नाही. पहिल्याच दरवाजात, म्हणजे राक्षसांच्या पहिल्याच टप्प्यात, मंगेशकिंग रोज आडवा व्हायचा.

मग खेळ बनवणाऱ्यांनी एक नवी पद्धत आणली. तोवर लेव्हल मिळायची ती फक्त मारल्यावर. आता ज्याने जोडीदाराला उभं ठेवलं, त्याच्या जखमा बांधल्या, त्यालाही लेव्हल मिळणार. जगभरच्या खेळाडूंनी शिव्यांची लाखोली वाहिली. बायकी पद्धत म्हणाले. जानकीने मात्र ते दोनदा वाचलं आणि सासूकडे बघितलं. अरे, हे तर आपण रोजच करतो! जन्मभर जे केलं त्याची कुणी बरोबरीने मोजदाद करील, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. त्या दिवशी तिला रडू आलं, आणि का आलं ते सांगायला घरात कुणी नव्हतं. तिने मंगेशकिंगची तलवार विकून टाकली आणि खांद्याला वैद्याची झोळी अडकवली.

तेव्हापासून जी चढली, ती चढतच गेली. सासू वारली, तरी खेळ सुटला नाही. बरोबरीला माणसं जमली. तळेऱ्याची रसिका, नर्स. देवगडचा हरिश्चंद्र, आंब्याच्या बागेवाला. दुबईतल्या हॉटेलात रांधणारा शिवा. करता करता चाळीस जणांचा गट झाला, सगळे सिंधुदुर्गातले नाहीतर सिंधुदुर्गातून गेलेले. फोनवर आवाज ऐकू येतो, तेव्हा बाई आहे हे सगळ्यांना ठाऊक. नाव मंगेशकिंग, पण सगळे म्हणत काकी. एका थोरल्या राक्षसापुढे गट सारखा हरायला लागला, तेव्हा शिवा गमतीने म्हणाला, "काकी, गाऱ्हाणा घाल गो. त्याशिवाय ह्यो मेलो मराचो नाय."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला साऱ्या गावाच्या वतीने घालायचं साकडं. एकाने पुढे उभं राहून मागायचं आणि मागे उभ्या गावाने 'होय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. गावच्या देवळात तो मान गावकराचा, म्हणजे गावच्या मूळ घराण्यातल्या पुरुषाचा. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची बातच सोडा. मंगेशच्या घरच्या पुरुषांनाही तिथे शेवटच्या रांगेत उभं राहावं लागतं, कारण त्याचा आजा दुसऱ्या गावातून येऊन वसलेला. तीन पिढ्या झाल्या, तरी ते घर उपरं ते उपरंच.

जानकीने घाबरत घाबरत गाऱ्हाणं घातलं. चाळीस आवाज उठले, "होय म्हाराजा!" आणि काय सांगावं, राक्षस पडला. तेव्हापासून काकीच्या गाऱ्हाण्याशिवाय गट पाऊल उचलत नाही. आज मंगेशकिंगची लेव्हल एक्याण्णव आहे.

हे सगळं मंगेशच्या गावीही नव्हतं. गुडघा गेला म्हणून कंपनीने त्याला कायमचा घरी पाठवला. गावात त्याला कुणी विचारीना. मग मागच्या आठवड्यात तो रिचार्ज करायला कसालला सर्वेशच्या मोबाइलच्या दुकानात गेला आणि बायको माझं नाव घेऊन कसलातरी खेळ खेळते, असं सहज बोलून गेला. सर्वेशने नाव विचारलं आणि गल्ल्यावरून उठूनच उभा राहिला.

"मंगेशकिंग? म्हणजे तुमचा अकाउंट? अहो, अख्ख्या कोकणात एक्याण्णवचो दुसरो माणूस नाय! बसा, बसा. थंडा घेतास?"

पन्नाशी उलटलेल्या माणसासाठी कुणी पहिल्यांदा खुर्ची पुसली. थंडा पिऊन मंगेश घरी आला तो वेगळाच होऊन. त्याच संध्याकाळी सिम त्याच्या फोनात गेलं.

"ऐका माझा," जानकी आता दारातूनच म्हणाली. "आज चार वाजता सातवो दरवाजो आसा. चाळीस जणां थांबली आसत. ह्या सीजनपासून नवो नियम इलो. पडला की लेव्हल उतरता. पयली चढली ती चढली, आता तसा नाय. तुमी पडतलास."

"मी पडतलंय? अटलांटिकात वादळात उभो रवलेलो माणूस मी!"

"ता पाणी होता. ह्येका शिकूचा लागता."

"तू माका शिकवतलंस? काजू सोलणारी?"

जानकीचं डोकं सणकलं. त्या फोनसकट त्याला खुर्चीतून खाली ओढावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. सासूचं सगळं तिने केलं, त्याबद्दल या माणसाने कधी एक शब्द काढला नव्हता. त्याचं तिला इतकं लागलं नव्हतं जितकं हे लागलं. ती आत गेली आणि बांगडे घेऊन मोरीशी बसली.

चार वाजता पडवीतून आवाज यायला लागले. मंगेशने मुद्दाम स्पीकर मोठा केला होता. तिला ऐकू जावं म्हणूनच, दुसरं काय!

"काकी, इलस काय गो?" रसिकाचा आवाज.

"मी मंगेशकिंग बोलतंय," मंगेश म्हणाला. "आजपासून मीच."

तिकडे कुजबुज झाली.

"काकी खंय आसत?"

"काकी रांदता. मी तिचो घोव. अकाउंट माझा आसा."

मग हरिश्चंद्राने जपून विचारलं, "बरा. मगे गाऱ्हाणा कोण घालतलो?"

"मी घालतंय."

जानकीच्या हातातला बांगडा तसाच राहिला. बाहेर खुर्ची सरकली. उभा राहिला वाटतं, त्या गुडघ्यावर. आणि मंगेशने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां एके जाग्यार जमली आसत, तुझ्या पायार मान ठेवन उभी आसत, रे म्हाराजा!"

खोटं कशाला बोलायचं, आवाज त्याचा चांगला होता. गावकराहून चांगला. पन्नास वर्षं शेवटच्या रांगेतून ऐकलेला शब्द न् शब्द त्याच्या पोटात होता. पण पलीकडून होय आलं नाही.

मंगेश थांबला. त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने. चाळीसातलं एकही माणूस बोललं नाही.

पडू दे तोंडघशी, असं जानकीच्या मनात आलंच. का येऊ नये? पण गाऱ्हाणं असं लटकत ठेवू नये, हे तिच्या हाडात मुरलेलं. लहानपणी वेशीवर कुणी पिऊन झिंगलेला माणूस गाऱ्हाणं घालायला लागला, तरी जाणारा-येणारा पाटी खाली ठेवून होय म्हणायचा. माणूस कसा का असेना, देवाला हाक तर मारली आहे. तिसऱ्यांदा मंगेशने तोंड उघडलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता.

"...तुझ्या पायार मान ठेवन उभी आसत, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मोरीशी बसल्या बसल्या जानकी म्हणाली. काही फार मोठ्याने नाही.

फोनने ते पकडलं. आणि तळेरे, देवगड, दुबई, होतं नव्हतं ते सगळं एका दमात उसळलं.

"होय म्हाराजा!"

मांडणीवरची भांडी वाजावीत असा तो आवाज. पाठोपाठ शिवा ओरडला, "काकी आसा रे! काकी थंयच आसा!"

होय कुणाला मिळालं, हे कळायला मंगेशला काही वेळ लागला नाही. तो लंगडत स्वयंपाकघराच्या दारात आला. तोंड उतरलेलं. त्याने फोन पुढे केला.

"घे."

"हात खराब आसत. रवा."

तिने हातातला बांगडा साफ केला. उरलेले साफ केले. मीठ चोळलं. मग साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, पदराला पुसले. तोवर मंगेश फोन हातात धरून उभा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्यासाठी तो असा कधी थांबला नव्हता.

फोन हातात आल्यावर चाळीस जण एकदम बोलायला लागले. तिने त्यांना गप्प केलं.

"रसिका, आजपासून तू फुडे रव. शिवाक डावीकडे ठेव, तो घायेत धावता. आणि कोणी पडलो तर तेका सोडून फुडे जाव नकात."

"आणि तू गो?"

"ह्या माझ्या नावार नाय, बाये."

"नव्या नावान ये. पयल्या लेव्हलीपासून. आमी थांबतलंव."

"बघूया," जानकी म्हणाली. पुढाऱ्याची खूण तिने रसिकाच्या नावावर केली. मग गट सोडायचं बटण. तिने त्यावर अंगठा नेला. सहा वर्षांत संध्याकाळी तिची कुणी वाट बघत असेल तर ती हीच माणसं. पण दर वेळी दारात उभं राहून नवऱ्याकडे सहा आकड्यांची भीक मागायची, हे तिच्याच्याने होणारं नव्हतं. तिने बटण दाबलं. आवाज बंद झाले.

"घेवा," तिने फोन मंगेशच्या हातात दिला. "लेव्हल तशीच आसा. एक पण उतरूक नाय."

मंगेशने पडद्याकडे बघितलं. खेळातल्या किनाऱ्यावर मंगेशकिंग झोळी अडकवून उभा होता. नावाखाली एक्याण्णव सोन्याच्या अक्षरात. बाकीचे सातव्या दरवाजातून आत निघून गेलेले. वाळूवर दुसरं कुणी नव्हतं.

"जानकी," तो म्हणाला. आवाजात आता काही जोर नव्हता. "आता काय करूचा गो ह्येचा?"

ती बांगड्याच्या आमटीसाठी तिरफळं ठेचत होती. तिने मान वर केली नाही.

"रोज एकदा उघडून बघा. नायतर हजेरी चुकता. बाकी कायएक करू नकात."

आणि तिने आमटीचं टोप चुलीवर ठेवलं.