दानुताचा प्रश्न

“याद्वाश त्सोश?” दानुताने पुन्हा विचारलं.

“अगं, आपल्या भाषेत सांग की!” हाल्बेरा खाटेवर वाकली. “परवापर्यंत तर मला शिव्या घालत होतीस!”

नर्सने तिला बाजूला घेतलं. “मेंदूच्या झटक्यात मागाहून शिकलेली भाषा गेली त्यांची. फक्त पोलिश उरलंय.”

बावीस वर्षं दोघी मासळीच्या कारखान्यात समोरासमोर उभं राहून कॉड साफ करत आल्या होत्या. पोलंडहून बायकांची पहिली तुकडी आली तेव्हा आइसलँडमधलं ते छोटं गाव धुसफुसलं होतं. “यांच्यामुळे आपली मजुरी पडणार. आणि धड बोलताही येत नाही मेल्यांना!” सभेत उठून असं म्हणणारी हाल्बेराच होती. मजुरी काही पडली नाही. गावातली पोरं मात्र एकेक करून रेक्याविकला गेली. हाल्बेराची लेकही गेली. कारखाना आणि शाळा चालू राहिली ती या परक्यांच्या आणि त्यांच्या पोरांच्या जिवावर. हाल्बेराचा नवरा वारल्यावर तिच्या दारातला बर्फ दानुताच उपसायची. दानुता आइसलँडिक शिकली, टोमणे मारण्याइतकी. हाल्बेरा पोलिशचा एकही शब्द शिकली नाही. गरजच कुठे पडली होती?

तिसऱ्या दिवशी ते दोन शब्द पुटपुटत ती दुकानात गेली. गल्ल्यावर इरेना होती, पोलंडचीच.

“हे काय गं? ‘याद्वाश त्सोश’?”

“कोण म्हणालं?”

“दानुता. सारखी तेच विचारतेय.”

इरेनाचा हात थांबला. “काही खाल्लंस का, असं विचारतेय ती तुला.”

हाल्बेरा काउंटरवरून पुढे वाकली. मग म्हणाली, “‘खाल्लं’ कसं म्हणायचं?”

“याद्वाम.”

खाडीकाठच्या रस्त्याने ती तो एकच शब्द घोळवत दवाखान्यात परत आली. माणूस गेल्यावर इथे उघडतात तशी खोलीची खिडकी किलकिली उघडली होती. नर्स दाराशीच भेटली. “वीस मिनिटं झाली.”

हाल्बेरा खुर्ची ओढून बसली. दानुताचा हात अजून कोमट होता.

“याद्वाम,” ती म्हणाली. कालपासून तिच्या पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. उच्चार चुकला असं वाटून तिने पुन्हा म्हटलं, सावकाश.

प्रार्थना चाललीय असं समजून नर्सने हळूच दार लोटून घेतलं.