मावशीचं नववं पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे हं, लाथा खायची! तायक्वांदोच्या वर्गात मी अंथरलेली असते. जाड कॅनव्हासचे चार पट्टे जोडून आणि आत काथ्या ठासून मला शिवलं. नवी होते तेव्हा माझा थाट काय वर्णावा! सर माझ्यावर चप्पल पडू देत नसत. पुढे कौतुक ओसरलं, माझी मधली शिवण उसवली आणि कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

आमच्याकडे ‘पूमसे’ शिकवतात. समोर शत्रू आहे असं धरून ठरलेल्या क्रमाने अडवायचं, ठोसे मारायचे, लाथा झाडायच्या, चारी दिशांना वळायचं. खरी मेख शेवटी असते. जिथून सुरुवात केली, बरोबर त्याच जागी येऊन थांबायचं.

गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारी एक बाई पन्नाशीला टेकल्यावर वर्गात आली. पोरं तिला मावशी म्हणू लागली. सात वर्षं घाम गाळून ती काळ्या पट्ट्यापर्यंत पोचली आणि तिथेच अडली. परीक्षेत दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा शेवटी वीतभर चुकली. परीक्षेला तीनदाच बसता येई, म्हणजे आता एकच संधी उरली होती.

कारण मला ठाऊक होतं. सुरुवातीला एकदा माझ्या उसवलेल्या शिवणीत अडकून तिच्या अंगठ्याचं नख उखडलं होतं. तेव्हापासून तिथे आलं की तिचं पाऊल आपोआप आखडायचं. तिला त्याचा पत्ताच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं होई, पण गादीला कुठलं तोंड!

सर समजुतीने म्हणाले, वयाचं असतं मावशी, मनाला लावून घेऊ नका.

“वय राहू द्या बाजूला,” मावशी म्हणाली. “पाऊल कुठे कमी पडतंय तेवढं बघू.”

तिने कापड आखायचा खडू कुटला, तळव्यांना फासला आणि अख्खा पूमसे केला. माझ्यावर पांढरी पावलं उमटली. नववं पाऊल शिवणीच्या अलीकडेच थबकलेलं होतं. उखडलेलं नख दोघांनाही आठवलं. सर ओशाळले. ही गादी आजच टाकतो म्हणाले. माझ्या काळजाचं पाणी झालं.

“गादी टाकून काय होणार, सर? खोड आता माझ्या पायात आहे.”

तिने दाभण काढला आणि मला घट्ट शिवलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामाआधी येऊ लागली. नववं पाऊल एकटंच शंभरदा टाकायची. ते आखडायचंच. ती पायाला शिव्या घालायची आणि पुन्हा टाकायची.

परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये होती, मला कोण नेणार? संध्याकाळी मावशी आली ती कमरेला काळा पट्टा बांधूनच. माझ्यावर उभी राहिली, पूमसे केला आणि निघाली होती त्याच जागी थांबली. मी धन्य झाले.

मित्रांनो, फाटलं की लगेच शिवा. मला शिवायला मावशीला अर्धा तास लागला. पायाची सवय मोडायला चार महिने लागले.