हंसावरचं टिंब

"आई, जरा थांबा ना, फोटो काढू द्या," सून पुलावरून म्हणाली. मी थांबले नाही.

घरी मीच सांगितलं होतं की एक दिवस समुद्राकाठी जाऊ, कालवे बघू, हवा खाऊ. मुलगा म्हणाला, आर्टिस्ट बाई सहलीला निघाल्या. म्हणू दे. जन्मभर मी नावांवर नावं रंगवली, मग आर्टिस्ट नाही तर काय हमाल? शाळा माझी दोन यत्ता. अक्षरं मला वाचता कमी येतात, काढता जास्त. पण 'क'चं पोट किती फुगवायचं, ते मास्तरांनी मला विचारावं.

या गावात रस्त्यांच्या जागी पाणी आहे. दारापुढे चपला सोडाव्यात तशा होड्या बांधलेल्या. खारं वारं रंगाला टिकू देत नाही, त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी ब्रश घेऊन बसलेलं असतंच. आणि बसतात कसे, तेही दिसत होतं. न्हाव्याच्या पाटीवरचा 'श' पोटात कळ आल्यासारखा वाकला होता. पाववाल्यानं अस्तराचा हात न देताच वरचा रंग फासलेला, त्याचे पोपडे खाली पावांवर पडत होते. मी बोलत गेले. सून म्हणाली, तुम्ही गाव बघताय की नावं ठेवताय? मी म्हटलं, दोन्हीला डोळे तेच लागतात.

मी खरं तर एक होडी शोधत होते. 'हंस'.

लग्नानंतरची पहिली आठ वर्षं आम्ही याच गावात काढली. हे पेंटर, मी त्यांच्या हाताखाली. 'हंस'चं काम आलं तेव्हा हे तापानं पडलेले. अक्षरं मी काढली, खाली पंख पसरलेला पक्षीही काढला. होडी पाण्यात सोडायला अर्धं गाव जमलं. शाळेच्या मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "हस." टिंब द्यायचं राहिलं होतं. लोक पोट धरून हसले. मालकानं विचारलं, कुणी लिहिलं? मी यांच्याकडे बोट दाखवलं. अंगात ताप असताना हे म्हणाले, राहिलं माझ्याकडून.

बंदराच्या कचेरीत तोवर 'हस' अशीच नोंद झाली होती. त्यानंतर यांना काम मिळेना. वर्षाच्या आत आम्ही गाव सोडलं. घरात ही गोष्ट मी पुढे शंभरदा सांगितली, आणि दर वेळी टिंब विसरले ते हेच. हे समोर बसून ऐकायचे. गेल्या वर्षी हे गेले. ऐकणारा नसला की खोटं बोलायला जड जातं.

कालवा समुद्राला मिळतो तिथे होडी सापडली. दोनदा फळ्या बदललेली, नाव तेच. मालकाचा मुलगा, आता तोही पन्नाशीचा, त्याच दोन अक्षरांवरून नवा रंग फिरवत होता. मी विचारलं, टिंब का देत नाही?

"कागदावर असंच आहे, मावशी," तो म्हणाला. मग हसत गोष्ट सांगायला लागला. इथं पूर्वी एक पेंटर होता, बिनटिंब्या. गावात अजूनही कुणी भाजीत मीठ विसरलं, दाराला कडी लावायला विसरलं, की लोक म्हणतात, झाला याचा बिनटिंब्या. शेजारी दोरखंड वळणारे दोघंही हसले. सूनही हसली. गोष्ट तिला पाठ होती.

परत फिरता आलं असतं. बस चारची होती, अजून वेळ होता.

"ते टिंब मी विसरले," मी म्हटलं. "त्यांनी नाही. ते तापानं पडले होते. मी त्यांच्यावर ढकललं."

दोर वळणारे थांबले. सून माझ्याकडे बघतच राहिली. नावाडी ब्रश हातात धरून म्हणाला, "जाऊ द्या हो मावशी. आता काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत. मला पडतो. त्यांना ते नाव परत लावायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"बिनटिंबी म्हणा. मी आहे की जिवंत."

त्याला हसावं की नाही कळेना. ब्रश डब्यात ठेवून म्हणाला, चला, स्टँडवर सोडतो. तीच होडी त्याने सोडली. सून माझ्या शेजारी बसली नाही, पुढे जाऊन बसली. पंधरा वर्षं जिच्या प्रत्येक चुकीवर मी बोट ठेवलं, ती मान फिरवून पाण्याकडे बघत होती. मीही तिला हाक मारली नाही.

पहिल्या पुलावर नावाड्यानं ओळखीच्या माणसाला काहीतरी सांगितलं. दुसऱ्या पुलापर्यंत बातमी आमच्या पुढे पोचलेली. तिसऱ्या पुलावर माझ्याच वयाची एक बाई जाळं झटकत होती. ती कठड्यावरून वाकून विचारती झाली, "बिनटिंबी ती हीच का?"

नावाडी भराभर वल्हं मारायला लागला.

मी त्याला वल्हं थांबवायला लावलं, आणि तिला नीट दिसावं म्हणून तोंड वर केलं.